उघडायला उशीर, तर नंबर मागे!

दहावी-बारावीचा निकाल लागला की पूर्वी मुले शाळेकडे धावायची. आता घरात ज्याच्या मोबाईलला चांगली रेंज असेल त्याच्याभोवती सगळे गोळा होतात. १६ जुलै २०२१ रोजी दुपारी १ वाजता दहावीचा निकाल ऑनलाईन लागायचा होता. कोरोनामुळे परीक्षाच झाली नव्हती, म्हणून उत्सुकता आणखी मोठी. १५ लाखांहून अधिक मुले-मुली आणि त्यांचे आईबाप एकाच वेळी मंडळाच्या वेबसाईटवर गेले आणि वेबसाईट बसली. कित्येक तास ती उघडलीच नाही. मे २०२५ मध्ये अकरावीचा प्रवेश प्रथमच सगळ्या राज्यात, म्हणजे आपल्या जळगाव-धुळ्यातही, ऑनलाईन झाला. २१ मे हा नोंदणीचा पहिला दिवस. त्याही दिवशी तेच! शेवटी नोंदणी २६ मेपासून नव्याने सुरू करावी लागली.

अशा वेळी आपण काय करतो? एक पान उघडत नाही म्हटल्यावर मागे येतो, गुगलवर पुन्हा शोधतो आणि दुसरे जे पटकन उघडेल त्यावर विश्वास टाकतो. ते पान कोणाचे, त्यावरची तारीख यंदाची की तीन वर्षांपूर्वीची, हे बघायला घाईत सुचत नाही. घोळ इथेच होतो. शिष्यवृत्तीची मुदत हुकते, नाहीतर फुकटच्या अर्जासाठी कोणाच्या तरी हातावर शे-दोनशे रुपये ठेवावे लागतात. म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, गुगल कोणाला वर बसवते, कोणाला खाली ढकलते आणि पान लवकर उघडण्या-न उघडण्याचा त्याच्याशी काय संबंध, हे आपण समजून घेतले पाहिजे. विषय संगणकवाल्यांचा वाटतो खरा, पण फटका रोजंदारीवर जाणाऱ्याच्या पोराला बसतो.

गुगलची वही

आपण काही विचारले की गुगल त्या क्षणी जगभर धावत सुटते, असा पुष्कळांचा समज आहे. तसे नाही. गुगलचे यंत्र रात्रंदिवस एका वेबसाईटवरून दुसऱ्या वेबसाईटवर फिरत असते, पाने वाचते आणि कुठे काय लिहिले आहे याची नोंद करून ठेवते. ग्रंथालयात पूर्वी कार्डांचे खण असत. कार्ड काढले की पुस्तक कोणत्या कपाटात आहे ते कळायचे. तसाच हा प्रकार, फक्त कार्डे अब्जावधी. आपण ‘स्वाधार योजना अर्ज’ असे लिहिले की गुगल त्या नोंदी चाळते आणि हजारो पानांतून निवडक पाने आपल्यापुढे ठेवते. प्रश्न येतो तो हा की आधी कोणते ठेवायचे?

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ मध्ये गुगल कंपनी काढली तेव्हा त्यांची कल्पना साधी होती. ज्या पानाकडे इतर बरीच पाने बोट दाखवतात, ते पान महत्त्वाचे. नव्या गावात डॉक्टर विचारला आणि दहापैकी आठ जणांनी एकाच दवाखान्याचे नाव सांगितले, तर आपण तिकडेच जातो ना, तसेच. पुढे या हिशेबात अनेक गोष्टींची भर पडली. पानावरचा मजकूर विचारलेल्या प्रश्नाला लागू आहे का, ही त्यातली सर्वांत मोठी गोष्ट. आजही तीच सर्वांत मोठी आहे. मात्र एप्रिल २०१० मध्ये गुगलने जाहीर केले की पान किती लवकर उघडते, हेही यापुढे आम्ही पाहणार.

ते तेव्हा टेबलावरच्या संगणकापुरते होते. आपल्या वस्त्यांत इंटरनेट आले ते संगणकातून नव्हे, हातातल्या मोबाईलमधून. विशेषतः ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झाल्यावर. गुगललाही हा बदल ओळखावा लागला. एप्रिल २०१५ मध्येच मोबाईलवर नीट वाचता येणाऱ्या पानांना मोबाईलवरच्या शोधात झुकते माप मिळू लागले होते. अक्षरे मुंगीएवढी, बटणे इतकी जवळ की एक दाबावे तर दुसरे दाबले जावे, अशी पाने मागे पडू लागली. जानेवारी २०१७ पासून, पान उघडताच सगळा मजकूर झाकून टाकणारी जाहिरात आडवी घालणाऱ्यांचा नंबरही घसरू शकतो, असा नियम आला. जुलै २०१८ पासून मोबाईलवरचा वेग मोजला जाऊ लागला, आणि २०२१ च्या जून ते ऑगस्टमध्ये ‘कोअर वेब व्हायटल्स’ नावाची तीन मापे लागू झाली.

नाव अवघड असले तरी मापे साधी आहेत. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे, हे पहिले. बटण दाबल्यावर पानाने ‘ओ’ द्यायला सेकंदाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त वेळ लावू नये, हे दुसरे. (हे मार्च २०२४ पासूनचे. त्याआधी फक्त पहिल्या स्पर्शाला लागणारा उशीर मोजत.) तिसरे माप आहे उड्या मारण्याचे. ‘अर्ज भरा’वर बोट ठेवायला जावे, तेवढ्यात वरून जाहिरात उगवावी, सगळे पान खाली सरकावे आणि बोट नेमके जाहिरातीवर पडावे, हा अनुभव कोणाला आलेला नाही? त्या सरकण्याचाही हिशेब गुगल ठेवते. चांगले करते!

विशेष म्हणजे ही मापे गुगलच्या कचेरीतल्या भारी संगणकावर घेतलेली नसतात. क्रोम वापरणाऱ्या खऱ्या लोकांच्या फोनवर पान कसे चालले, याची माहिती त्यासाठी गोळा केली जाते, आणि शंभरातल्या ७५ भेटींत पान मापात बसावे अशी अट आहे. म्हणजे एरंडोल ते पारोळा एसटीत बसून, रेंजच्या दोन काड्यांवर, जुन्या फोनवर उघडलेले पानही त्या हिशेबात येऊ शकते. गरिबाचा फोनही इथे मोजला जातो, ही गोष्ट लहान नाही.

मग सरकारी वेबसाईट वर कशी?

एखादा जाणता वाचक विचारील की, संथ पान खाली जाते तर मग मंडळाची वेबसाईट किंवा महाडीबीटी गुगलमध्ये वर कशी दिसते? प्रश्न बरोबर आहे. धुळ्याच्या पाचकंदीलला शेजारी शेजारी दोन दुकाने आहेत, माल तोच आणि भावही तोच, पण एकाचे शटर अर्धेच उघडे आहे, असे समजा. गिऱ्हाईक दुसऱ्यात शिरेल. पण रेशनचे दुकान एकच असेल तर? शटर कितीही उशिरा उघडो, रांग तिथेच लागणार. वेगाचेही तसेच आहे. दोन पानांचा मजकूर सारख्याच तोलाचा असेल तेव्हा वेग पारडे झुकवतो. ‘महाडीबीटी’ असे नाव घालून शोधले तर तेच पान पाहिजे हे गुगलला कळते, मग ते उघडायला कितीही वेळ लागो.

पण आपण नाव घालून शोधतो का? आपण लिहितो ‘एससी स्कॉलरशिप शेवटची तारीख’. आता अर्धे शटर नडते. सर्व्हर सावकाश उत्तर देऊ लागला की गुगलचे फिरते यंत्रही तिथे फेऱ्या कमी करते, हे गुगलने स्वतःच सांगितले आहे. हजारो पानांच्या वेबसाईटवर त्याचा अर्थ असा की नवी नोटीस लागली तरी तिची नोंद व्हायला उशीर होऊ शकतो. त्यातून ती नोटीस स्कॅन केलेल्या वाकड्या पीडीएफमध्ये असेल तर आणखीच पंचाईत. दरम्यान नोकरी-योजनांची माहिती देणारी खासगी पाने तीच बातमी हलक्या, पटकन उघडणाऱ्या पानावर टाकतात आणि वर जाऊन बसतात. त्यातली काही प्रामाणिकपणे माहिती देतात, हे मान्य केले पाहिजे. काही मात्र जुन्याच पानावर नव्या वर्षाचा आकडा चिकटवतात.

तेव्हा एवढे बघावे. यादीत सगळ्यांत वर ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘प्रायोजित’ असे लिहिलेले दिसले तर ती पैसे देऊन घेतलेली जागा आहे, कमावलेली नव्हे. हल्ली तर काही वेळा सगळ्यांच्या वर गुगल स्वतःच एक तयार उत्तर लिहून देते. तेही चुकू शकते, विशेषतः तारखांच्या बाबतीत. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ असेल तर पान सरकारचे; हा पत्ता कोणाही खासगी माणसाला विकत मिळत नाही. शिष्यवृत्तीचा पत्ता ‘महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’ असा आहे आणि तिथे शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला सरकार फी घेत नाही. मात्र उलटे खरे नाही. अकरावी प्रवेशाचे २०२५ चे अधिकृत पोर्टल ‘जीओव्ही डॉट इन’वर नव्हतेच! अशा वेळी गुगलच्या यादीतून आत शिरण्यापेक्षा कॉलेजच्या नोटीस बोर्डावरचा पत्ता उतरवून घ्यावा, किंवा शिक्षण खात्याच्या वेबसाईटवरच्या दुव्यावरून जावे. सरकारला हे सगळे कळत नाही असे नाही. सरकारी वेबसाईट कशा असाव्यात याची नियमावली केंद्राने २००९ मध्येच काढली आणि २०२३ मध्ये तिची तिसरी आवृत्ती आली. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांच्या सरकारी वेबसाईट मोबाईलवर वाचता येतील अशा साच्यावर उभ्या आहेत. अडते ते गर्दीच्या दिवशी.

मोठ्या खासगी कंपन्या या बाबतीत किती जागरूक असतात ते ‘इकॉनॉमिक टाइम्स’च्या उदाहरणावरून दिसेल. त्यांच्या पानांवर जाहिरातींची जागा आधी राखून ठेवलेली नसे, म्हणून पाने सरकत. जागा राखली, तातडीचा नसलेला भार मागे ठेवला, मुख्य भाग अडीच सेकंदांत आणला. एकच पान पाहून परत फिरणाऱ्यांच्या प्रमाणात ४३ टक्के सुधारणा झाली, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीत सांगितले आहे. माझ्या मते गुगलच्या नंबरापेक्षाही हे महत्त्वाचे. नंबर कशासाठी हवा? माणूस यावा म्हणून. आलेला माणूस दारातूनच परत गेला तर पहिला नंबर घेऊन काय करायचे?

दिसते मराठी, पण वाचता येत नाही

आता एक अडचण, जी खास आपल्या भाषेची आहे. डीटीपीचे काम करणाऱ्या आपल्या भावाबहिणींना ती लगेच कळेल. शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये पूर्वी टाईप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या पोटात तो इंग्रजी अक्षरे आणि खुणांचा काला असतो. वेबसाईटवर तो तसाच चढवला तर वाचणाऱ्याच्या फोनमध्ये तो फॉन्ट नसल्यास त्याला तो इंग्रजी अक्षरे आणि खुणांचा कालाच दिसतो, आणि गुगललाही तेवढेच दिसते. मग ‘समाजमंदिर’ शोधणाऱ्याला ते पान सापडणार कसे? युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे आणि आज प्रत्येक फोनमध्ये ती सोय आहे. तरीही आपल्या कितीतरी संस्थांचे अहवाल, स्मरणिका, विशेषांक जुन्या फॉन्टमध्ये अडकून पडलेले आहेत. ते युनिकोडमध्ये आणणे हे एखाद्या होतकरू मुलीला सुट्टीत देण्याजोगे काम आहे, आणि तिला त्याचे पैसेही द्यावेत.

हीच गत बॅनरची. धुळ्याजवळ लळिंगला लांडोर बंगला आहे. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब तिथे थांबले होते आणि दरवर्षी त्या दिवशी लोक तिथे जमतात. अशा कार्यक्रमांची माहिती बहुतेक वेळा रंगीत बॅनरच्या चित्रातून मोबाईलवर फिरते. चित्रातली अक्षरे गुगल कधी वाचते, कधी वाचत नाही. त्यावर भिस्त ठेवता येत नाही. बॅनरच्या खाली साध्या अक्षरांत चार ओळी लिहाव्यात : ठिकाण कोणते, तारीख कोणती, धुळ्याहून कसे जायचे. ‘लळिंग’ हे नाव मराठीत आणि इंग्रजी स्पेलिंगने, दोन्ही तऱ्हांनी लिहावे, कारण शोधणारा दोन्ही तऱ्हांनी शोधतो.

साध्या अक्षरांची ताकद किती, त्याचे एक उदाहरण आपल्या जवळचे आहे. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढले. ते इंटरनेटवर मिळतात, पण जाडजूड पीडीएफमध्ये. साध्या फोनवर उतरवून घेता घेता दम लागतो. याउलट ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकले, तिथल्या प्रा. फ्रान्सिस प्रिचेट यांनी ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हा १९३६ चा ग्रंथ साध्या वेबपानांवर इंग्रजीत ठेवला. त्यात चकचकाट नाही. अक्षरे आहेत, प्रकरणे आहेत, एकेका प्रकरणावर जाण्याचे दुवे आहेत. ते पान दोन काड्यांच्या रेंजवरही उघडते, आणि गुगलला त्यातले प्रत्येक वाक्य वाचता येते. मराठीत असे काम करायला वाव आहे, एवढेच इथे नोंदवतो.

आपले पान करायचे असेल तर

समजा, भुसावळच्या एका ताईंनी घरगुती डबे द्यायला सुरुवात केली. कळण्याची भाकरी, शेवभाजी, हंगामात भरीत. त्यांच्या मुलाने वेबसाईट करायचे मनावर घेतले. पहिली गोष्ट म्हणजे लगेच वेबसाईट हवीच असे नाही. ‘गुगल बिझनेस प्रोफाईल’ ही नोंद फुकट करता येते. तिच्यात नाव, फोन, वेळ आणि चार फोटो टाकले की नकाशावर दिसण्याची सोय होते. तिथे नंबर ठरतो तो तुमचा धंदा विचारलेल्या गोष्टीशी जुळतो का, विचारणाऱ्यापासून तुम्ही किती लांब आहात आणि तुमचा बोलबाला किती, यांवर. पान गुगलचेच असल्यामुळे ते हळू उघडेल ही चिंता नाही. शिवणकाम, फिटिंग, रंगकाम, गाडीदुरुस्ती करणाऱ्यांनाही हे लागू आहे.

पुढे वेबसाईट केलीच, तर पहिली चूक फोटोंची होते. आजच्या मोबाईलने काढलेला एक फोटो सहज ४ एमबीचा असतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या गावात नेटचा वेग सेकंदाला २ मेगाबिट मिळाला, तर हा एक फोटो उतरायला १६ सेकंद लागतात. असे दहा फोटो पानावर लावले तर अडीच मिनिटांहून जास्त! तोवर भूक लागलेला माणूस दुसरीकडे जेवून मोकळा होतो. तोच फोटो आकार कमी करून २०० केबीवर आणला तर एका सेकंदाच्या आत येतो, आणि मोबाईलच्या पडद्यावर डोळ्यांना फरक कळतही नाही. फोटो लहान करायची ॲप फुकट मिळतात. फोन नंबर आणि भाव चित्रात न घालता अक्षरांत लिहावेत. नंबर असा घालून घ्यावा की त्यावर बोट ठेवताच फोन लागेल. पानावर शब्द लोकांचे असावेत. ‘गृहनिर्मित भोजन सेवा’ असे कोणी शोधत नाही. लोक ‘भुसावळ जेवणाचा डबा’ नाहीतर ‘टिफिन’ असे लिहितात. फुले उडणारी, आपोआप गाणे वाजवणारी, फिरत्या पाट्यांची सजावट काढून टाकावी. तिचाही भार पानावर पडतो.

दुसरी चूक पैशांची. ‘गुगलमध्ये पहिला नंबर, गॅरंटी’ असे सांगत कोणी फोन केला तर तो तिथेच ठेवावा. पहिल्या नंबरची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे खुद्द गुगलने लिहून ठेवले आहे. मजकूर, नाव, लोकांचा विश्वास यांना वेळ लागतो. नव्या पानाला वर यायला महिने लागू शकतात. वेग मात्र आजच सुधारता येतो आणि तपासताही येतो. गुगलचेच ‘पेजस्पीड इनसाइट्स’ हे पान फुकट आहे. त्यात वेबसाईटचा पत्ता टाकला की हिरवा, नारिंगी किंवा लाल रंग दाखवून कुठे भार आहे ते सांगते. पुरेसे लोक येत नसलेल्या लहान वेबसाईटबद्दल खऱ्या भेटींची माहिती त्यात नसते, पण तपासणीचा निकाल मिळतो आणि सुरुवातीला तेवढा पुरतो. शंभरपैकी शंभर गुण आणण्याच्या मागे लागू नये. लाल रंग गेला की लक्ष मजकुराकडे वळवावे.

वेबसाईट करून देणारा बहुधा आपल्या दुकानातल्या मोठ्या संगणकावर, जोरदार वायफायवर पान दाखवतो. तिथे सगळेच पळते. उरलेले पैसे देण्याआधी घरातला सगळ्यांत जुना फोन घेऊन जावे, वायफाय बंद करावे आणि त्याच्यासमोरच ते पान उघडून बघावे.